पॅट्रिशियाचा मुलगा



बाळाचं नाव ठेवताना आपल्याकडे केवढा काथ्याकूट चालतो! पत्रिकेतलं अक्षर कोणतं, आजेसासऱ्यांचं नाव पुढे चालवायचं की नाही, आत्याबाईंनी कानात काय सांगितलं... दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांतही नावाला असंच महत्त्व आहे. नावाला अर्थ हवाच, आणि माणूस पुढे त्या नावाला धरूनच निघतो अशी त्यांची समजूत. जोहान्सबर्गच्या पॅट्रिशिया नोआ या बाईंचं खोसा नाव नोंबुयिसेलो, म्हणजे 'परत देणारी'. आणि लहानपणापासून त्या देतच राहिल्या, भावंडांना, आईला, नात्यागोत्याला. म्हणून २० फेब्रुवारी १९८४ ला त्यांना मुलगा झाला तेव्हा त्यांनी मुद्दाम असं नाव हुडकलं, की ज्याला त्यांच्या भाषेत काही अर्थच नाही, जे बायबलात नाही आणि घराण्यातही कुणाचं नाही. ट्रेव्हर. नावाचं ओझं पोराच्या डोक्यावर नको, त्याला जे व्हायचं असेल ते होऊ दे, हा त्यामागचा हिशेब.

हा मुलगा पुढे झाला तरी काय? लोकांना हसवणारा! स्टँड-अप कॉमेडी म्हणतात ती. आपल्या एकपात्री प्रयोगाची शहरी मावसबहीण म्हणा ना. ना नेपथ्य, ना वेशभूषा. एक माणूस ध्वनिक्षेपक हातात घेऊन तास-दीड तास बोलतो. ट्रेव्हर नोआ हे नाव तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना विचारून पाहा, नक्की माहीत असेल. २०१५ ते २०२२ अशी सात वर्षं तो अमेरिकेतल्या 'द डेली शो' या टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रधार होता. २०२३ मध्ये तो आपल्या मुंबईतही येऊन गेला. त्याच दौऱ्यात बंगळूरचे प्रयोग मात्र आवाजाच्या यंत्रणेने दगा दिल्यामुळे रद्द करावे लागले. २०१६ साली त्याने आपल्या बालपणावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, 'बॉर्न अ क्राइम'. पुतण्याने आणून दिलं म्हणून मी ते हाती घेतलं. म्हटलं, विनोदी असेल, दुपारचं पडल्या पडल्या चाळू. पण त्यात मला भेटली ती त्याची आई, आणि आज लिहायचं आहे ते जास्त करून तिच्याबद्दलच.

पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'जन्मानेच गुन्हा', आणि तो शब्दशः खरा आहे बरं का. दक्षिण आफ्रिकेत १९२७ पासून असा कायदा होता, की गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींनी एकमेकांशी शरीरसंबंध ठेवला तर पुरुषाला पाच वर्षांपर्यंत आणि बाईला चार वर्षांपर्यंत तुरुंगवास. १९४९ मध्ये गोऱ्यांनी इतर कुठल्याही वर्णाच्या माणसाशी लग्न करण्यावरही बंदी आली. ट्रेव्हरची आई काळी, खोसा. वडील गोरे, स्वित्झर्लंडचे. म्हणजे पाळण्यातलं ते पोर हाच गुन्ह्याचा पुरावा! हे कायदे १९८५ साली रद्द झाले, तेव्हा ट्रेव्हर एक वर्षाचा होता. पण कायदा कागदावरून गेला म्हणून शेजारपाजारच्या नजरा आणि पोलिसांचा धाक दुसऱ्या दिवशी जात नाही. जन्माच्या दाखल्यावर त्याच्या आईने भलत्याच प्रदेशाचं नाव घातलं होतं.

एवढ्या एका गोष्टीवरून त्या राज्याची कल्पना यायची नाही, म्हणून थोडं विस्ताराने सांगते. १९५० साली तिथे प्रत्येक माणसाची वर्णानुसार नोंद करण्याचा कायदा झाला. गोरे, काळे, 'कलर्ड' म्हणजे मिश्र, आणि भारतीय असे गट. कुठे राहायचं, कुठल्या शाळेत शिकायचं, कुठल्या बाकावर बसायचं, सगळं त्या नोंदीवर ठरे. आपल्या रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुसलमान कुटुंबं केपटाऊनमध्ये पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत, त्यांच्याही नशिबी हे होतंच. आणि वर्ण ओळखायचा कसा? अधिकारी केसांत पेन्सिल खुपसून बघत. पेन्सिल घसरून खाली पडली तर गोरा, अडकून बसली तर नाही. हसू येतं ना? पण १९५५ साली जन्मलेल्या सँड्रा लेंग या मुलीची हकीगत ऐका. आईवडील दोघेही गोरे, सरकारदरबारी गोरे म्हणून नोंदलेले. पोर मात्र सावळी आणि कुरळ्या केसांची निघाली. दहा वर्षांची असताना तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून टाकलं, पोलिसांच्या पहाऱ्यात घरी पाठवलं, आणि तिचा वर्ण बदलून 'कलर्ड' केला. आईबापांचा एक वर्ण आणि पोटच्या पोरीचा दुसरा! 'रंग जरा सावळाच आहे, पण नाकीडोळी नीटस आहे' असं बाळंतिणीच्या खोलीत म्हणणाऱ्या आपल्या मावश्या-काकवा मला तेव्हा आठवल्या. त्या रंगाची नोंद आपल्याकडे सरकार ठेवत नाही, एवढंच.

तर पॅट्रिशियाबाई. त्यांचं लहानपण आत्याकडे खेड्यात गेलं. एका खोपट्यात चौदा पोरं, शेतात राबायचं, आणि पोटात काहीच नसेल तेव्हा नदीकाठची माती पाण्यात कालवून प्यायची, भूक लागल्याचं विसरावं म्हणून. नशीब एवढंच, की मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला मिळालं. मोठ्या झाल्यावर त्या शहरात आल्या आणि टायपिंग शिकल्या. काळ्या बाईला बहुधा धुणीभांडी किंवा कारखाना, या दोनच वाटा असत, त्या काळात टायपिंग! लोक म्हणत, आंधळ्याने मोटार चालवायला शिकण्यासारखं आहे हे. पण थोड्याच वर्षांत वरवर दाखवायला म्हणून का होईना, कंपन्यांनी काळ्यांना कारकुनी द्यायला सुरुवात केली, आणि यांना सेक्रेटरीची नोकरी मिळाली.

पगार हातात आला, की तो सगळा माहेरी. ट्रेव्हर याला 'काळा कर' म्हणतो. आधीच्या पिढ्यांना लुबाडलेलं, त्यामुळे घरातला पहिला मिळवता माणूस सगळ्यांना शून्यापर्यंत वर आणण्यातच संपतो. (आपल्यापैकी किती जणींना हे ओळखीचं वाटेल! थोरल्या बहिणींना विचारा.) शेवटी एक दिवस पॅट्रिशियाबाई घर सोडून जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीत गेल्या. तिथे काळ्यांना राहायची बंदी. मग त्यांनी काय केलं, तर एका परदेशी माणसाच्या नावावर खोली घेतली आणि येता-जाताना मोलकरणीचे कपडे घालायला सुरुवात केली. मोलकरणीला कुणी हटकत नाही ना!

तिथेच त्यांची त्या स्विस गृहस्थांशी ओळख झाली. आणि त्यांनी सरळ सांगितलं, मला मूल हवंय. तुम्ही बाप म्हणून काही करावं अशी माझी अट नाही. आता हे वाचून काही जणींच्या भुवया उंचावतील. माझ्याही उंचावल्या होत्या. पण पुढची पानं वाचताना मी भुवया खाली ठेवल्या, कारण त्या बाईने मागितलं ते मूल असं काही वाढवलं आहे, की रीतसर मंगलाष्टकं म्हणून संसार थाटलेल्या आपणही बघत राहावं.

बाहेर फिरायला न्यायचं तर अडचण. पोर उजळ, आई काळी. मग शेजारची एक उजळ वर्णाची 'कलर्ड' बाई पोराचा हात धरून पुढे चालायची, आणि खरी आई मागून, त्या बाईची मोलकरीण असल्यासारखी. फोटो काढला तरी तसाच. एकदा बागेत ट्रेव्हर वडिलांना पाहून 'डॅडी' म्हणून हाका मारत धावला. लोक वळून बघायला लागले, तसे वडील घाबरून पळत सुटले. पोराला वाटलं, हा पकडापकडीचा खेळ आहे! रंगमंचावर हा प्रसंग तो सांगतो तेव्हा प्रेक्षागृह हसून लोळतं. माझ्या मात्र पोटात कालवलं.

आजोळी सोवेटोला गेलं, की आजी त्याला अंगणाबाहेर सोडत नसे. कुणी पोलिसांना कळवलं तर पोराला उचलून नेतील ही भीती. आजोबा नातवाला गमतीने 'मास्टर' म्हणत आणि गाडीत मागच्या सीटवर बसवून स्वतः ड्रायव्हरसारखे पुढे बसत. आजी इतर नातवंडांना धपाटे घाली, पण याला हात लावत नसे. तिचं म्हणणं, काळ्या पोराला मारलं तर तो आहे तसाच राहतो. हा निळा होतो, हिरवा होतो, लाल होतो, मला काही तरी व्हायचं! ही आजी २०२२ साली पंच्याण्णवाव्या वर्षी वारली. त्याआधी ट्रेव्हर तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात भेटवून गेला होता.

पॅट्रिशियाबाई मात्र मारत, आणि चांगल्या मारत. तो व्रात्यही तसाच होता म्हणा. हे मला पटलेलं नाही, शाळेत रोज चाळीस पोरांसमोर उभी राहूनही पटलेलं नाही. पण त्यांची दुसरी एक पद्धत मला फार आवडली. मायलेकांचं भांडण झालं की बोलायचं नाही, पत्रं लिहायची! अगदी कचेरीच्या थाटात. पोराच्या दाराखालून आईचं पत्र सरकायचं, त्यात गुन्ह्यांची यादी. पोराने मुद्देसूद, शुद्ध इंग्रजीत उत्तर द्यायचं. राग शांत व्हायचा तो व्हायचा, आणि भाषा सुधारायची ती वेगळीच. माझ्या सातवीच्या वर्गात मी हा प्रयोग मराठीत करून पाहायचं ठरवलं आहे.

घरात पैसा नसला तरी पुस्तकं असत, जुन्या बाजारातली. आणि जुन्यापुराण्या फोक्सवॅगन गाडीतून आई पोराला गोऱ्यांच्या वस्त्या दाखवायला न्यायची, बागा, बर्फावर घसरायचं मैदान. नातेवाईक म्हणत, अगं, ही गोऱ्यांची थेरं त्याला दाखवून उपयोग काय, तो जन्मभर इथेच राहणार ना? तिचं उत्तर असं, की राहीना का इथे. पण जग एवढंच नाही हे तरी त्याला कळेल. हे ती करत होती तेव्हा मंडेला अजून तुरुंगात होते बरं का. ते सुटले फेब्रुवारी १९९० मध्ये, आणि सगळ्यांना मताचा हक्क मिळून निवडणूक झाली ती एप्रिल १९९४ मध्ये. तिने मात्र राज्य बदलल्यासारखंच वागायला आधीच सुरुवात केली होती.

रविवारी तीन-तीन चर्च. एक सगळ्यांचं मिसळीचं, एक गोऱ्यांचं, एक काळ्यांचं. गाडी बंद पडली तर खच्चून भरलेल्या मिनीबसमधून, पण जायचंच. अशाच एका रात्री मिनीबसच्या ड्रायव्हरने बाईला एकटी पाहून धमकावायला सुरुवात केली. तिने वेग जरा कमी झालेला पाहून धावत्या बसमधून आधी ट्रेव्हरला ढकलला आणि पाठोपाठ तान्ह्या धाकट्याला छातीशी घेऊन स्वतः उडी मारली. मग रक्ताळलेल्या कोपरांनी तिघं पळत सुटली. तशा अवस्थेतही मायलेकांचा वाद चालू, की देवाची इच्छा असती तर आज गाडीच बंद पडली नसती ना! आणि वाद घालता घालता दोघंही हसायला लागली. त्या घरात ही रीतच होती. जे घडलं ते शिकून घ्यायचं, त्यावर रडत बसायचं नाही, आणि लवकरात लवकर त्यातला विनोद शोधायचा.

आता शाळेतला प्रसंग. ट्रेव्हरला हुशार मुलांच्या 'अ' तुकडीत बसवलं. बघतो तो जवळजवळ सगळे गोरे! मधल्या सुट्टीत अंगणात पाहिलं तर काळी मुलं एकीकडे, गोरी एकीकडे, भारतीय एकीकडे, आणि हा मध्ये उभा. काळ्या मुलांशी तो त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलला, झुलू, सोथो, त्स्वाना, आणि ती चकित झाली. तो शाळेच्या बाईंकडे गेला, म्हणाला मला 'ब' तुकडीत टाका. बाईंनी समजावलं, त्याने तुझं पुढचं नुकसान होईल. तरी तो गेला. मी शिक्षिका म्हणून त्या बाईंच्या जागी असते तर त्यांनी सांगितलं तेच सांगितलं असतं, आणि तो तरीही गेला असता. मित्र कुठे आहेत हे पोरांना तुकडीवरून कळत नाही, मधल्या सुट्टीत कळतं.

गंमत म्हणजे मिश्र रक्ताचा असून 'कलर्ड' वस्तीत त्याला कुणी आपलं म्हटलं नाही. त्यांची भाषा आफ्रिकान्स, रीतीभाती वेगळ्या, आणि याचं सगळं आजोळ खोसा. पुढे अमेरिकेत गेल्यावर तर आणखीनच तऱ्हा. तिथे थेंबभर आफ्रिकन रक्त असलं तरी माणूस काळाच. रंगमंचावर तो म्हणतो, जन्मभर काळा व्हायला धडपडलो, ते विमानाच्या एका तिकिटात जमलं! वरून लोक त्याला स्पॅनिश बोलणारा समजून स्पॅनिशमध्येच गप्पा मारायला लागायचे ते वेगळंच.

असं हसत हसत वर्णाबद्दल बोलणारा तो काही पहिला नव्हे. अमेरिकेत 'मॉम्स' मेबली नावाची एक काळी बाई होऊन गेली. घरातला ढगळ झगा, वेडीवाकडी टोपी, तोंडाचं बोळकं, असा आजीबाईचा अवतार करून ती रंगमंचावर यायची आणि गोऱ्यांना तोंडावर सुनवायची. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही तिने प्रयोग केला. म्हातारीचं बोलणं कोण मनावर घेतो! हा डाव आपल्या आज्या-पणज्यांनाही चांगला ठाऊक होता.

पण या सगळ्या हसण्याखाली एक गोष्ट आहे, ती टाळून मला पुढे जाता येत नाही. पॅट्रिशियाबाईंनी पुढे एका मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं. देखणा, हसतमुख, हातात कसब. पण प्यायला लागला की दुसराच माणूस. त्याच्या गॅरेजमध्ये बाईंची सगळी पुंजी बुडाली. घर विकलं, गॅरेजमध्येच राहायची पाळी आली. जेवायला 'मोरोगो', म्हणजे आपल्या माठासारखी रानभाजी, आणि तीबरोबर अळ्या, कारण त्याहून स्वस्त काही मिळत नव्हतं. बाई स्वतः नोकरी करून मिळवत होत्या हे लक्षात घ्या. मग मारहाण सुरू झाली. पहिल्यांदा हात उचलला तेव्हा त्या दोन्ही पोरांना घेऊन तडक पोलिसचौकीत गेल्या. पोलिसांनी काय विचारलं असेल? 'तू काय केलंस?' तक्रार लिहून घ्यायलाच तयार नाहीत. एवढ्यात नवरोबा आले आणि पोलिसांशी हास्यविनोद करून बाईंना घरी घेऊन गेले.

वर्णभेदाच्या कायद्याला जिने मोलकरणीचे कपडे घालून चकवलं, त्या बाईला घरातल्या एका माणसापुढे इतकी वर्षं का काढावी लागली? वाचताना हा प्रश्न मनात येतोच. ट्रेव्हरलाही यायचा, आणि तो आईवर रागवून घराबाहेर पडला. पुढे त्याला उत्तर मिळालं ते असं, की आईला सोडून जायचं होतंच, पण गेले तर हा मला मारून टाकील याची तिला खात्री होती. अखेर तिने सोडलं. वेगळं घर केलं, पुन्हा लग्न ठरवलं. आणि २००९ मध्ये एका रविवारी चर्चमधून घरी आल्यावर त्या आधीच्या नवऱ्याने तिच्यावर गोळ्या झाडल्या. एक डोक्यात मागून शिरली आणि नाकपुडीतून बाहेर पडली. मेंदूला, डोळ्याला धक्का नाही. त्याआधी बंदूक काही वेळा चाललीच नव्हती. डॉक्टरही थक्क झाले.

इस्पितळात पैशांचा प्रश्न आला. विमा होता, तो बाईंनी काही महिन्यांपूर्वीच बंद केलेला, देव आहे ना, म्हणून. ट्रेव्हरने आपलं कार्ड पुढे केलं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा, नुकतं कुठे नाव होऊ लागलेलं. पलंगाशी बसून तो रडत होता, तेव्हा शुद्धीवर आलेली आई त्याची समजूत घालायला लागली. म्हणाली, चांगली बाजू बघ, माझं नाक गेलं, आता घरात सर्वांत देखणा तूच! चार दिवसांनी ती घरी आली, आठवड्याच्या आत कामावर रुजू झाली. आणि त्या माणसाला? गुन्हा कबूल करूनही तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा. तुरुंगात एक दिवस नाही.

इथे एक सांगून ठेवते, कुणाला गरज असेल म्हणून. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्यांच्या, तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. चौकीत दाद लागली नाही तरी वाट संपत नाही. या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, ते तुमची हकीगत लिहून घेऊन न्यायालयापुढे ठेवतात. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत. मोबाईलमध्ये 'माहेर' नावाने साठवून ठेवलेत तरी चालतील.

वडिलांचं सांगायचं राहिलंच. ट्रेव्हर मोठा होत होता तेव्हा ते केपटाऊनला निघून गेले आणि गाठभेट तुटली. तो चोवीस वर्षांचा असताना आईनेच मागे लागून त्याला त्यांचा शोध घ्यायला लावलं. पत्ता कुठेच मिळेना. शेवटी स्विस वकिलातीमार्फत पत्र पाठवलं आणि उत्तर आलं. भेटायला गेला तर टेबलावर त्याच्या लहानपणीचे आवडते पदार्थ मांडलेले. मग त्या अबोल गृहस्थांनी एक वही काढली. मुलाविषयी वर्तमानपत्रात आलेलं प्रत्येक कात्रण त्यात तारखेनुसार चिकटवलेलं होतं. नोंदवहीत बाप म्हणून त्यांना स्वतःचं नाव घालता आलं नव्हतं, तेव्हा त्यांनी आपली वेगळीच नोंदवही ठेवलेली!

२०१८ साली ट्रेव्हरने आपल्या एका कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'सन ऑफ पॅट्रिशिया'. पॅट्रिशियाचा मुलगा. त्यात तो सांगतो, की कुणी तोंडावर वर्णावरून शिवी दिली तर काय करायचं हे आईने शिकवलंय. ती शिवी घ्यायची, चांगली घुसळायची, आणि देवाची माया लावून हसत हसत परत द्यायची. 'परत देणारी' हे नाव असं खरं झालं म्हणायचं.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. डिक्शनरी जवळ ठेवली की बी. ए. पर्यंत शिकलेल्या कुणालाही जमेल. मुलांसाठी त्याची एक वेगळी आवृत्तीही २०१९ मध्ये निघाली आहे, आठवी-नववीच्या मुलांना ती द्यायला हरकत नाही. मूळ पुस्तक द्यायचं असेल तर शेवटचं प्रकरण आधी आपण वाचून घ्या, आणि ते रात्री झोपताना वाचू नका. मला त्या रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागला नव्हता, आणि सकाळी सात वाजता डबे द्यायचे होते.